म्हशीच्या पाठीवरचा उजेड

मी चित्रं काढतेय त्या गोष्टीत एवढंच आहे: सुगी म्हशीला तळ्यावर नेते आणि पाऊस येतो. लिहिणाऱ्याचं काम एका वाक्यात झालं, पण चित्रातली म्हैस ओली दिसायला हवी. ओल्या पाठीवरची चमक पांढऱ्या रंगाने आणली की ती खडूसारखी वर तरंगते. तिथला कागद कोराच सोडावा लागतो. जलरंगात उजेड लावता येत नाही, पहिल्या हातापासून तो राखावा लागतो.

त्याआधी शाई. पेन्सिलीचं कच्चं रेखाटन, त्यावर टाकाने ओढलेली रेघ, ती पूर्ण वाळल्यावर खोडरबर, आणि मगच पाणी. फाउंटन पेनची शाई ओला ब्रश फिरताच पसरते. चित्रकलेची जलरोधक काळी शाई जागची हलत नाही, कारण तिच्यात बहुधा लाख असते. लाखेचे किडे पळसाच्या, कुसुमाच्या डहाळ्यांवर वाढतात. चैत्रात पेटलेला पळस पाहिला की मला ही रेघ आठवते.

रेघ कशी जिवंत होते ते भोपाळात राहून शिकावं. १९८२ साली इथे भारत भवन हे कलाकेंद्र उघडलं. त्यासाठी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तरुण कलावंतांना गावोगाव पाठवलं होतं, त्यांना पाटनगढ गावात गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम सापडले. जनगढ यांच्या शाईच्या चित्रांत प्राण्याचं अंग बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी भरून येतं. बाह्यरेषा ही नुसती कड, प्राणी आतल्या रेघांत राहतो. त्यांची नक्कल मी करणार नाही, ती परंपरा त्यांची आहे. पण म्हशीच्या पोटाशी रेघा दाट आणि पाठीकडे विरळ करत नेणं मला त्या चित्रांपुढे उभं राहूनच सुचलं.

रंगाचं वेळापत्रक मात्र भोपाळातल्या आमच्या बरखेड्याची हवा ठरवते. भेल कारखान्याच्या या वसाहतीत झाडं भरपूर, तरी मे महिन्याच्या दुपारी आभाळाचा पातळ हात ओढावा तर ब्रश उजव्या टोकाला पोचेपर्यंत डावं टोक वाळलेलं असतं. मध्ये कडक कड पडते आणि ती काही केल्या जात नाही. म्हणून उन्हाळ्यात आभाळ पहाटे. जुलैत सगळं उलटं: कागद बराच वेळ ओला राहतो, रंग रंगात शिरतो, ढगांच्या कडा आपसूक विरतात. पावसाचं पान पावसातच रंगवावं, हे माझं ठाम मत आहे. ढगांसाठी अल्ट्रामरीन निळ्यात थोडी बर्न्ट सिएना घालते. तो करडा रंग बाटलीतल्या काळ्यापेक्षा कितीतरी खोल वाटतो. निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि ढगाला पोत येतो. ३०० ग्रॅमचा खरखरीत कागद त्यासाठीच घ्यायचा. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खाचेत साचतो.

गोष्टीच्या पुस्तकातलं चित्र भिंतीवरच्या चित्रासारखं एकटं नसतं. मजकुरासाठी आभाळाचा वरचा भाग फिका ठेवावा लागतो, नाहीतर अक्षरं ढगात बुडतात. नव्याने वाचायला शिकणाऱ्या पोराला ती धडपड सोसवत नाही. सुगीच्या फ्रॉकचा पिवळा सगळ्या पानांवर एकच हवा, म्हणून तो एकदाच भरपूर कालवून झाकून ठेवते. आणि दोन पानांमधल्या शिवणीची रेघ पेन्सिलीच्याही आधी आखते. म्हशीची लांब पाठ घडीवरून गेली तरी चालते, पण चेहरा घडीत गेला तर मूल तो शोधायला पुस्तक ताणतं आणि पानं सुटतात. म्हणून सुगी डाव्या पानावर चालते, शिवणीपासून चार बोटं अलीकडे.