अहवाल क्रमांक एक

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सस्तन प्राण्यांची पाहणी 1911 मध्ये हाती घेतली. सुरुवात खानदेशापासून झाली. क्रंप यांनी प्राणी गोळा केले. रॉटन यांनी 1912 मध्ये अहवाल लिहिला. मालिकेतला पहिला.

तेव्हा नोंद म्हणजे मारलेले जनावर. कातडे, कवटी, मापे, पायाला चिठ्ठी. आता दोन बांबूंमध्ये बारीक जाळे ताणतात. अडकलेले वटवाघूळ कापडी पिशवीत घालून तोलतात. कोपर ते मनगट मोजतात. सोडतात.

तेव्हापासून खानदेशातल्या गढ्या ढासळल्या. त्यांची पांढरी माती लोकांनी घरांच्या धाब्यांवर टाकायला नेली. मग धाबीही गेली. सागाच्या कड्यांमधल्या फटीत पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळे, राहत. स्लॅबला फट नसते.

मोट थांबली, पंप आले, पाणी खोल गेले. दगडी विहिरींच्या कपारी वटवाघळांना हव्या तशा अंधाऱ्या होत्या. बऱ्याच विहिरी कचऱ्याने भरल्या.

मुंबई-आग्रा रस्ता चौपदरी झाला. सुरत-नागपूरही. कडेचे वड, चिंचा, निंब पडले. मोठी वटवाघळे अशाच झाडांवर दिवस काढतात. मादीला वर्षाला एकच पिल्लू होते.

उरलेल्या झाडांजवळून तारा जातात. दोन तारांना पंख एकदम टेकले की जनावर तिथेच राहते. आधी मांस वाळते. मग पंखाचे कातडे चिरत जाते. बोटांची लांब हाडे तारेवर लोंबत राहतात. कधी पोटाला पिल्लू असते.

अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर. 1819 मध्ये इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ आत शिरला तेव्हा लेणी वटवाघळांची होती. पुढे दारांना जाळ्या बसल्या. चित्रे टिकवायची तर दुसरा इलाज नव्हता. त्याबद्दल तक्रार करता येत नाही.

1972 च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उपद्रवींच्या यादीत होती, उंदीर-कावळ्यांसोबत. 2022 च्या दुरुस्तीत ती यादी रद्द झाली.

डोंगरातले यावल अभयारण्य 1969 चे. कागदावर 177 चौरस किलोमीटर. आत नांगरट आहे. मोह मात्र कोणी तोडत नाही, तो शेतात उभा असतो. वटवाघळे रात्री त्याच्या फळातला गर खातात, बी टाकतात. सकाळी बायका बिया वेचतात. त्यांचे तेल निघते. वेचायची राहिलेली बी पावसात रुजते आणि रोप पुढच्या नांगरटीत जाते.

डोंगराखाली रावेर-यावलची केळी आहे. मैलोन्मैल. घड हिरवाच कापतात, सावद्याहून दिल्लीला जातो. पिकतो तिकडे.