सगळी शाळा स्टेजवर

कुडाळहून नेरूर-वालावलकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची वाडी आहे आणि वाडीच्या वरच्या अंगाला, काजूच्या बागेला लागून, जिल्हा परिषदेची शाळा. तिच्या जनरल रजिस्टरात आमच्या घराच्या चार पिढ्या आहेत. वडील आणि काका गेले, मग आम्ही सख्खी-चुलत भावंडं गेलो, आमच्यातले जे गावी राहिले त्यांची मुलं गेली, आणि आता दादाची नात जाते. इथं लिहितो आहे ते आम्हा भावंडांचं. १९६० नंतर जन्मलेल्या, एका चुलीवरची पेज जेवून एका पायवाटेनं शाळेत गेलेल्या पोरांचं. एका घरातली एवढी मुलं एकाच शाळेत असली की शाळेत काय घडलं ते घरी सांगावं लागत नाही, आणि घरात काय घडलं ते शाळेला आधीच कळलेलं असतं.

जूनच्या मध्याला शाळा उघडे ती भर पावसात. डोक्यावर पोत्याची खोळ, खोळीच्या आत पोटाशी धरलेली पाटी. वाटेत व्हाळ आणि व्हाळावर माडाची दोन खोडं टाकून केलेला साकव. तो ओलांडायचा क्रम ठरलेला होता. दादा पुढं, धाकटी मधे, अक्का सगळ्यांच्या मागं. आजी खळ्यातून ओरडून सांगायची, "व्हाळाक पाणी चडला तर मागे फिरा रे! पाटी गेली तरी चलात." पाणी चढलंच तर अलीकडच्या काठावर उभं राहून आम्ही पलीकडे गुरुजींना हाक मारायचो. ते हात हलवून परत जा म्हणायचे, आणि त्या दिवसाची हजेरी तेवढ्यावर लागायची. लावणीच्या दिवसांत पट निम्म्यावर येई. गुरुजींनी त्यासाठी कुणाला मारल्याचं आम्हा कुणालाच आठवत नाही. तरवा काढायला घरात किती हात लागतात ते त्यांना दिसत होतं. ते आमच्याच पडवीतल्या खोलीत राहायचे.

आमचे बरेच गुरुजी घाटावरचे, कोल्हापूर-सांगलीकडून बदली होऊन आलेले. पहिल्या पावसात ते हवालदिल व्हायचे. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते, भाकरी सोडून तिन्ही त्रिकाळ भात. आई त्यांच्यासाठी मुद्दाम ज्वारी मागवायची. दोन पावसाळे काढले की हेच गुरुजी उकड्या तांदळाची पेज मागून प्यायला लागत आणि बदलीचा हुकूम आला की वाडीभर निरोप घेत फिरत.

चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, दोन खोल्या, चार इयत्ता, दोन शिक्षक. एका खोलीत पहिली आणि तिसरी, दुसरीत दुसरी आणि चौथी. पहिलीतली मुलं पाटीवर अक्षरं गिरवत असताना शेजारी तिसरीला भागाकार चाललेला असे. त्यामुळे पुढं काय शिकायचं आहे ते कानावरून आधीच गेलेलं असायचं. आमची धाकटी बहीण तिसरीत गेली तेव्हा तिसरीच्या कविता तिला पाठ होत्या. तिसरी-चौथीची हुशार मुलं पहिलीच्या मुलांचा हात धरून अक्षर गिरवून घेत. शिक्षणशास्त्रात आता याला मोठमोठी नावं आहेत. आमच्याकडं ती गरज होती, आणि गरजेतून फार चांगलं शिकवणं होत होतं असं मी आजही ठामपणे म्हणेन.

तिसरीच्या भूगोलावरून मात्र आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद झाला. दादा आणि अक्का यांनी जिल्हा म्हणून रत्नागिरी शिकला, मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत लांबलचक पसरलेला. १ मे १९८१ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि धाकट्या दोघांच्या नकाशात चिपळूण, खेड, दापोली शेजारच्या जिल्ह्यात गेले. दादा धाकट्यांचा अभ्यास घ्यायला बसला की जिल्ह्यातल्या नद्या सांगताना वाशिष्ठीपासून सुरुवात करी आणि धाकटी त्याला थांबवून कर्लीवर आणी. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण ओरोसला झालं तेव्हा ते आम्हाला आमच्या शेजारी आल्यासारखं वाटलं होतं.

आता खरं सांगायचं ते. आमची शाळा लहान होती म्हणून तिथं प्रेक्षक होण्याची सोय नव्हती. पट चाळिसाच्या आसपास. पंधरा ऑगस्टच्या प्रभात फेरीला घोषणा द्यायला सगळ्यांचे गळे लागत. लेझमीला दोन रांगा हव्यात म्हणजे ज्याला ताल नाही तोही रांगेत. हुतुतूचा संघ करायचा तर चौथीतली सगळी मुलं संघात, आणि तरी एक कमी पडला तर तिसरीतला एक. मोठ्या शाळेत निवड होते; चांगलं गाणारा गातो, उरलेले टाळ्या वाजवतात. आमच्याकडं निवडायला उरलेले नव्हतेच. ज्याला जे येत नव्हतं तेही त्याला करावं लागलं, आणि चारचौघांत करावं लागल्यामुळे त्यातलं निम्मं येऊ लागलं.

चतुर्थीची सुट्टी मोठी. मुंबईचे चाकरमानी येत, घर भरून जाई, रात्री भजनं. सुट्टी संपून शाळा भरली की सगळ्यांचं लक्ष नवरात्रातल्या शारदोत्सवाकडं. शनिवारी सकाळच्या शाळेत जमीन सारवायची रीत होतीच. शारदेच्या आदल्या दिवशी ती अधिक नीट सारवली जाई. शेण मुली आणत, सारवत मुलीच, आणि मुलं पाणी आणून देत. ही वाटणी बरी नव्हती. अक्का ते अजून सांगते आणि तिचं खरं आहे. पाट्या काळ्या करून त्यांवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची. झेंडू आमच्या परड्यातला, नारळ वरच्या घरातला, समई खालच्या घरातली, गूळ-खोबरं घातलेले पोहे सगळ्यांच्या घरचे. पेटी एकाच घरात होती, ती दोघांनी मधे धरून आणायची. भजनाला पहिलीतला पोरगाही झांज घेऊन बसे. त्या दिवसांत घरातल्या वस्तू जागेवर नसत आणि आई कुणाला विचारतही नसे. त्या शाळेत आहेत हे तिला माहीत असे.

गॅदरिंग थंडीत, भात झोडून झाल्यावर. घराघरांतून फळ्या आणायच्या, चिऱ्यांवर रचायच्या, काकीच्या नऊवारी लुगड्यांचा पडदा, आणि वर गॅसबत्ती. नेरूर, वालावल ही दशावताराची गावं. पोरांनी रात्र-रात्र जागून दशावतार पाहिलेला, त्यामुळे नाटक बसवायला गुरुजींना फार कष्ट नव्हते. सोंगं पोरांच्या अंगात होतीच. चेहऱ्याला सफेता, भुवयांना काजळ, मुकुट पुठ्ठ्याचा. आमचा मधला भाऊ बोलताना अडखळायचा. वाचायला उभं केलं की पहिल्याच अक्षरावर थांबायचा, वर्ग शांत व्हायचा आणि तो खाली बसायचा. त्याला गुरुजींनी पहिल्या वर्षी गणपती केलं. नाचून आशीर्वाद द्यायचा, संवाद नाही. पुढच्या वर्षी संकासूर दिला. संकासूर मालवणीत बोलतो, आणि घरच्या बोलीत, काळा बुरखा तोंडावर असताना, तो एकदाही अडखळला नाही. "माका ओळाखलंस मां?" म्हणून त्यानं भटजी झालेल्या दादाला भर स्टेजवर असं काही धरलं की दादा आपलं वाक्य विसरला. आई समोर चटईवर बसली होती. ती त्या रात्री घरी आल्यावर कुणाशी काही बोलली नाही, मधल्याच्या पानात मात्र दुसऱ्या दिवशी घावणे आणि रस होता. पुढं हाच भाऊ मुंबईत कामगारांच्या सभांतून बोलला. मोठ्या शाळेत त्याला कुणी स्टेजवर चढवलं असतं असं मला वाटत नाही.

सहलीही लहान. एकदा एसटीनं नेरूरपारच्या पुलावरून काळसे मार्गे धामापूरला. भगवतीचं दर्शन, तलावाच्या काठी शिदोरी. त्या तलावाला २०२०मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली तेव्हा दादानं आम्हा सगळ्यांना फोन करून ते कळवलं. वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारचा तलाव तर चालत जाण्याजोगा, वनभोजन तिथं. एक गुरुजी कवितांचे वेडे होते. कुडाळच्या बाजाराला आम्हाला घेऊन गेले की सांगत, आरती प्रभू इथं खानावळ चालवायचे. आमच्यासाठी कवी म्हणजे कुडाळात खानावळ चालवणारा माणूस, आणि म्हणून कविता ही आपल्यातलीच गोष्ट. त्या कवीला साहित्य अकादमीचा पुरस्कार गेल्यानंतर मिळाला, १९७८ला, हेही गुरुजींनीच पुढं पत्रातून कळवलं.

या सगळ्यात एक दुखणं आहे आणि ते टाळून लिहिणं खोटं होईल. चौथीनंतर पूर्ण प्राथमिक शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, सातवीनंतर हायस्कूल कुडाळात. आम्ही मुलगे चालत, कधी एसटीनं कुडाळला गेलो. अक्का सातवीला थांबली. ती आमच्यात हुशार होती. वडिलांकडून ऐकलेली पावकी, निमकी, दिडकी तिला अजून येते. बाजारात ती हिशोब आमच्या आधी करते. घरातल्यांनी तेव्हा वाट लांब आहे, पावसाळे कठीण आहेत असं म्हटलं. तीच वाट आम्हा मुलग्यांना लांब नव्हती. शाळा घराजवळ असणं म्हणजे काय हे अक्काच्या आयुष्यावरून आम्हाला जितकं कळलं तितकं कशावरूनही कळलं नाही.

म्हणून आता पट दहाच्या आत आला आहे हे ऐकताना जीव कासावीस होतो. कारणं दिसतात. २००१च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवर होती. २०११ला ती ८ लाख ४९ हजारांवर आली. राज्याची वाढत असताना आपली घटली. मुंबई, पुणे, गोवा. आणि घरटी एक-दोन मुलं. आमच्या पुढच्या पिढीच्या काळात १९९५पासून हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला, मग शाळेतच खिचडी शिजू लागली. पण जेवायलाच मुलं कमी. २०२३मध्ये वीसच्या आतल्या शाळांच्या जागी समूह शाळा काढायचा विचार शासनानं पुढं आणला. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. आमच्या मुलखात किलोमीटर कागदावर मोजून भागत नाही. मधला व्हाळ जुलैत मोजावा लागतो. गाडी येईल म्हणतात. गाडी रस्त्यापर्यंत येते, आमच्या खळ्यापर्यंत येत नाही. आणि दरवर्षी दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात वर असतो याचं कौतुक करताना, त्या मुलांचा पाया अशा दोन खोल्यांत भरला गेला हे ध्यानात ठेवायला हवं.

आज शाळेत बाई आहेत, एकट्या पाच इयत्ता सांभाळतात. दादाच्या नातीकडून आम्हाला वर्षाचं सगळं कळतं, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. शारदोत्सव यंदाही आहे. पाटीवरची सरस्वती आता नात काढते, एकचे आकडे कसे रचायचे ते अक्कानं तिला शिकवलं. सुट्टीनंतर जिल्हा परिषदेचा बाल, कला, क्रीडा आणि 'ज्ञानी मी होणार' महोत्सव. आधी केंद्रावर, मग प्रभाग, तालुका, जिल्हा. कबड्डीचा संघ होत नाही, तेवढी मुलंच नाहीत. पण धावण्यात आहेत, लांब उडीत आहेत, आणि समूहगीताला पहिलीपासून पाचवीपर्यंत सगळी शाळाच उभी राहते. बाईंनी फोनवर सांगितलं, "कुणाला बाजूला बसवायला माझ्याकडे मूलच नाही." हे त्या काळजीनं म्हणाल्या. मला मात्र ऐकताना आनंद झाला.

जानेवारीत गॅदरिंग आहे. बाईंनी वाडीतल्या माजी विद्यार्थ्यांनाही बोलावलं आहे, आणि कारण साधं आहे: दशावतारी आख्यान करायचं ठरलं आहे आणि पात्रं पुरत नाहीत. दादा पडद्याचं बघणार आहे. अक्का भजनाला बसणार आहे आणि सारवायचं काम या वेळी पुरुष भावंडं करतील असं तिनं सांगून टाकलं आहे. शाळेत आता फरशी आहे, तेव्हा खळं सारवू. मधल्यानं संकासूर करायचं कबूल केलं आहे. तो मुंबईहून कोकणकन्येनं येईल, बरोबर पुढच्या पिढीतली चार जणं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि कुडाळची तिकिटं लगेच संपतात. तेवढ्यासाठी बाईंनी तारीख लवकर कळवावी.