खालचा आवाज

आमच्या घरात पहिला रेडिओ आला तो १९७१ साली. थोरले चुलते मुंबईला गिरणीत होते, त्यांनी दिवाळीला येताना आणला. चामड्याच्या पिशवीतला, खांद्याला अडकवायचा ट्रान्झिस्टर. माणदेशातल्या आमच्या वस्तीवर तेव्हा वीज नव्हती, पण हा डबा सेलवर चालायचा. तो मोडला तेव्हा दुसरा घेतला, दुसरा बिघडला तेव्हा तिसरा. कधी बाभळीच्या फांदीला, कधी विहिरीच्या कठड्यावर, कधी गोठ्यातल्या खुंटीला, अशी पन्नास वर्षं रेडिओनं माझी संगत केली. दहावीनंतर शाळा सुटली, पण रेडिओ सुटला नाही.

त्या काळी बातम्यांना दोन-तीन मिनिटं उरली की एक धून लावायचे. सिनेमातल्या गाण्याचीच चाल, पण शब्द नाहीत. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी घसरत जायचा, पाटातलं पाणी दारं धरल्यावर वाफ्यात उतरावं तसा. मला वाटायचं, कोणी बाई नाकातून गातेय. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं की ती हवाईयन गिटार. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी धरून तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. सुनील गांगुली, व्हॅन शिप्ले, हजारा सिंग ही नावं मला फार नंतर कळली. तेव्हा तो माझ्या लेखी वेळ घालवायचा आवाज होता. धून लागली की मी बैलांना पाणी दाखवायला उठायचो.

गाणं म्हणजे गाणारा, एवढंच मला ठाऊक. रेडिओवालेही तेच सांगायचे. सिनेमा अमुक, गीतकार अमुक, संगीतकार अमुक, गायक अमुक. वाजवणाऱ्याचं नाव त्यात नसायचं. यात्रेतल्या तंबूत ‘यादों की बारात’ बघितला. झीनत अमान गिटार घेऊन गाते ना, ती खरीच वाजवते असं आम्ही धरून चाललो होतो. ‘कर्ज’मध्ये ऋषी कपूर गिटार वाजवतो आणि सगळी कथाच त्या सुरावर फिरते. त्याची बोटं तारांवर नीट पडतात की नाही हे बघायची अक्कल कुणाला होती? परत येताना आम्ही मित्र काठी आडवी धरून तोंडानं तो सूर काढत आलो, एवढं आठवतं.

आता माझ्या धाकट्याचं सांगतो, कारण हे सगळं लिहायला तोच कारण आहे.

धाकटा कॉलेजला तालुक्याला जायचा. तिथं तो एका ऑर्केस्ट्रात जायला लागला. गातो का, म्हणून विचारलं तर नाही. ढोलकी? नाही. बास गिटार. सहा तारांची नव्हे, चार जाड तारांची. एकदा घरी घेऊन आला. कपड्यात गुंडाळलेली, मढ्यासारखी लांब. बाजेवर बसून वाजवली तर काहीच ऐकू येईना, नुसतं टुक टुक. म्हणाला, हिला बॉक्स लागतो. मी म्हणालो, “मंग ह्यात तू काय करतुयास? आवाज बॉक्सचा, गानं दुसऱ्याचं.” तो हसला. त्याच्या आईनं मला डोळ्यानं गप्प बसवलं.

पुढं आमच्याच गावच्या यात्रेत त्यांचा कार्यक्रम झाला. मी पुढच्या रांगेत बसलो. गाणारी पोरगी झकास गायली, लोकांनी बक्षिसाच्या नोटा दिल्या. ढोलकीवाल्यानं तर मैदान मारलं. माझा पोरगा मागं, पडद्याला पाठ लावून, मान खाली घालून उभा. निवेदकानं सगळ्यांची ओळख करून दिली तेव्हा त्याचं नाव शेवटी घेतलं आणि तोपर्यंत टाळ्या थंडावल्या होत्या. मला फार लाज वाटली. त्याची नव्हे, माझी. भावकी शेजारी बसली होती ना.

त्या रात्री एक गोष्ट घडली, तिचा अर्थ मला चौदा वर्षांनी कळला. एका गाण्याच्या मध्यात त्याच्या गिटारची वायर निसटली. गाणं चालू होतं, ढोलकी चालू होती, पेटी चालू होती. पण पाण्याची आमटी व्हावी तसं काहीतरी पातळ झालं. लोक एकमेकांशी बोलायला लागले, कुणी तंबाखू मळायला घेतली, पोरं उठून भेळेच्या गाड्याकडं निघाली. काय कमी झालं ते एकालाही सांगता आलं नसतं. त्यानं वाकून वायर बसवली आणि माणसं परत गाण्याकडं वळली. मला वाटलं, ह्याचं मशीन खराब दिसतंय.

मग दुष्काळ पडला. २०१२ कोरडं गेलं आणि २०१३च्या उन्हाळ्यात विहीर तळाला लागली. जनावरं छावणीत. मी तिथंच जनावरांपाशी झोपायचो. धाकटा कार्यक्रमाचे मिळतील ते चार पैसे आणून द्यायचा, पण दुष्काळात लग्नं आणि यात्राही बारीक होतात. एका रात्री तो डबा घेऊन आला तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हणालो, “मागं हुबं ऱ्हाऊन चार तारा वडायच्या, त्येला कोन इचारतंय? तू नसलास तरी गानं व्हतंयच की.”

तो काही बोलला नाही. डबा उघडून भाकरी काढून दिली. चौथ्या दिवशी त्यानं माझ्या हातात सात हजार रुपये ठेवले. मी विचारलं नाही कुठले. मला कळलं होतं. त्यातनं उधारी भागली आणि थोडा कडबा आला. पावसाळ्यात तो चाकणला एका कंपनीत लागला, अजून तिथंच आहे. बरं चाललंय त्याचं. लग्न झालं, एक मुलगी आहे. गिटारचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

निघाला तो २०२२च्या जुलैत. भूपिंदर सिंग गेले. त्यांचा तो जड, जरा घोगरा आवाज मला पहिल्यापासून आवडायचा. ‘मौसम’, ‘घरौंदा’, ‘किनारा’ या सिनेमांतली त्यांची गाणी मी नांगर धरून म्हटलेली आहेत. दोन दिवसांनी रेडिओवर त्यांच्यावर कार्यक्रम लागला आणि त्यात सांगितलं की हा माणूस गायक तर होताच, पण मोठा गिटारवादक होता. ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या त्या गाजलेल्या गाण्याची गिटार त्यांची, आणि ‘यादों की बारात’मध्ये झीनतच्या हातात दिसते तीही त्यांचीच.

मी खुरपं खाली टाकलं. ज्याचा आवाज मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं ओळखत होतो, त्याचेच हात मी त्याहून आधीपासून ऐकत होतो आणि मला पत्ता नव्हता! बांधावरूनच धाकट्याला फोन लावला.

“आरं, ह्यो भूपिंदर गिटार वाजवीत हुता?”

“आबा, मी तुमाला कालेजात असतानाच सांगितलं हुतं. तुमी म्हनला, असंल.”

मग त्यालाच राहवेना. ‘कर्ज’ची गिटार गोरख शर्मांची, ते संगीतकार प्यारेलाल यांचे भाऊ. आर. डी. बर्मन यांच्याकडं बास गिटारवर टोनी वाझ. एक ना दोन. सुट्टीची वेळ संपली तरी बोलत होता. नऊ वर्षांत त्याचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

दिवाळीला आला तेव्हा त्यानं मोबाइलवर एक जुनं गाणं लावलं. म्हणाला, “आबा, आता गानाऱ्याकडं ध्यान देऊ नका. खालचं ऐका.” मी ऐकलं. खाली काही नव्हतं. मग त्यानं माझ्या कानांत त्या बोंड्या घातल्या आणि तेच गाणं परत लावलं. आणि काय सांगू, गाण्याच्या पोटात कुणीतरी चालत होतं! मोठी, जड, सावकाश पावलं. कधी ठेक्यावर एकच पाऊल, कधी दोन पावलं मागं घेऊन उडी, कधी गाणारी श्वास घेते तेवढ्यात तीन-चार पायऱ्या उतरून पुढच्या ओळीच्या दारात उभं.

हे इतकी वर्षं कुठं होतं? धाकट्यानं समजावलं. ट्रान्झिस्टरचा स्पीकर बशीएवढा, मोबाइलचा तर बटणाएवढा. एवढ्याशा स्पीकरला खालचे सूर नीट पेलत नाहीत, वरचेच तेवढे बाहेर येतात. म्हणजे पन्नास वर्षं मी जी गाणी पाठ केली, त्यांचा तळ माझ्या डब्यातून कधी आलाच नव्हता. आणि त्या भरवशावर मी पोराला म्हणालो होतो, तू नसलास तरी गाणं होतं.

त्यानं आणखी दाखवलं. साध्या गिटारवर पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून बाकीच्या बोटांनी सूर धरायचे आणि पूर्ण गाणंभर तो आकार पट्ट्यांवरून वर-खाली न्यायचा. मनगट दुखून येतं म्हणे. उजवा हात खाली-वर चालू, पण प्रत्येक वेळी तार वाजवायची नाही. मध्येच तळव्यानं आवाज दाबायचा. बासवाल्याचंही तसंच. जाड तार एकदा छेडली की घुमत राहते, ती नेमकी कुठं थांबवायची हीच कारागिरी. म्हणाला, “वाजवाया समदी शिकत्यात आबा, थांबवाया शिकाय वरसं लागत्यात.”

मला माझी आई आठवली. आमच्यात शाळू चार फणांच्या कुरीनं पेरायचे. पुढं बैल, कुरीवर वडलांचा हात आणि चाड्यावर आई. मुठीतनं बी सोडत ती अनवाणी चालायची. मूठ सैल पडली तर दाट होतं, आवळली तर नांगे पडतात. चारी नळ्यांत सारखं बी जायला पाहिजे, तेही ढेकळांतून चालताना. तिचं सगळं लक्ष मुठीत, त्यामुळं तिनं पेरताना कधी वर बघितलेलं मला आठवत नाही. शाळू उगवला की रस्त्यानं जाणारा म्हणायचा, तात्यांची पेरणी बघा, दोरी धरल्यागत. आईचं नाव कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. ती गेल्यावरच्या पहिल्या पेरणीला बायकोनं चाडं धरलं आणि निम्म्या रानात नांगे पडले, तेव्हा वडील बांधावर बसून नुसतं बघत होते.

त्या दिवाळीपासून माझं ऐकणं बदललं. धाकट्यानं मला कानांवर बसणारा मोठा हेडफोन आणून दिला. गुरं बिचकतात, पण मी लावतो. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ नावाची १९६७ची तबकडी आहे, तीही त्यानंच ऐकवली. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, नुसत्या वाद्यांत. आमचा माणदेश मेंढरांचा, त्यामुळं मला ती घरची वाटली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी. ही दोन नावं आमच्या गावात शिकलेल्या कुणालाही माहीत. तिसरे ब्रिजभूषण काब्रा. त्यांनी मांडीवरच्या त्याच आडव्या गिटारवर राग वाजवलाय, सरोदवाल्या अली अकबर खाँ यांच्याकडं शिकून. गळ्यातून निघावी तशी मींड त्या लोखंडी कांडीतून निघते. बातम्यांआधीची ती धून मी इतक्या वेळा बैलांच्या पाण्यावारी घालवली, आता तीच शोधत बसतो. तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. त्यांचं नाव तर मी मुद्दाम लिहून ठेवलं.

गेल्या शिमग्याला शाळू काढायला धाकटा चार दिवस रजा टाकून आला होता. रात्री अंगणात बाजा टाकल्या. मी त्याचा हात हातात घेऊन बोटांची टोकं चाचपली. पूर्वी तिथं घट्टे होते, मला वाटायचं विळ्या-खुरप्याचे असतील. आता मऊ.

“तवा मी बोललो त्ये चुकलंच बग,” मी म्हणालो.

“जाऊ द्या आबा. दुष्काळ हुता.”

“जुनी एखांदी केवड्याला मिळंल?”

“कशाला आता? बघू.”

रेडिओ चालू होता. थोड्या वेळानं तो झोपला असं वाटून मी बंद करायला उठलो. डोळे मिटलेले होते, पण उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर एकाआड एक पडत होती, ठेक्याला धरून. मी तसाच परत आडवा झालो.