मधला हात

आज मी सूतगिरणीत आहे. त्याआधी तीन वर्षं धुळ्यात एका डॉक्टरकडे कंपाउंडर होतो. सकाळी शटर वर करायचं, फरशी पुसायची, नंबर लावायचे, काखेत थर्मामीटर द्यायचं, जखमा धुवायच्या, गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या. सर्टिफिकेट नाही, हजेरीपट नाही. पगार मालकाच्या मर्जीवर. हे सगळेच कंपाउंडर जाणतात.

मला सांगायचंय ते हाताबद्दल.

पेठेतला शेठ आला की डॉक्टर स्वतः नाडी धरायचा, पोट दाबून बघायचा, छातीला नळी लावायचा. पांझरेकाठच्या आमच्या वस्तीतलं कुणी आलं की टेबलापलीकडूनच विचारायचा, 'काय होतंय?' आणि मग मला, 'तू बघ रे.' तोंडात जातीचा एक शब्द नाही. शिवी नाही. फी दोघांना सारखी. नोटेला विटाळ नसतो.

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलेल्यांना काठेवाडचा तो शिक्षक आठवेल. १९२९ साली 'यंग इंडिया'त आलेलं त्याचं पत्र बाबासाहेबांनी त्यात दिलंय. बायको बाळंतीण, आजारी. डॉक्टर वस्तीत शिरेना, म्हणून तिला बाहेर आणलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत त्याच वाटेनं. न्यूमोनिया म्हणाला नि गेला. फी घेऊनही पुन्हा बघितलं नाही. बाई मेली.

वाचताना मला ओळखू आला तो मधला माणूस. तो मीच. त्याला एका रात्रीपुरतं उभं केलं होतं, मला महिन्याच्या पगारावर. आणि आपल्याच वस्तीतलं पोरगं मध्ये उभं केलं की नावही होतं, बघा, आमच्याकडं त्यांचाही मुलगा आहे!

एकदा वस्तीतली आजी आली. खोकला हटत नव्हता. 'तू बघ रे.' मी मनगट धरलं. आजी म्हणाली, 'भाऊ, तुना हात चांगला से. पन माले डाक्टरना हात पायजे.' आणि खुर्चीतून उठेना. बाहेर नंबर खोळंबले. मी म्हणालो, 'सर, तुम्हीच तपासा.'

डॉक्टर उठला. पाठीला नळी लावली तेव्हा त्याचा चेहरा बदलला. 'आधी का नाही आणलं?' चिठ्ठी लिहिली, हिरे मेडिकलला जा, एक्स-रे काढा. आजी महिनाभर आमच्याच बाकावर येत होती. मनगट धरायला मला येत होतं. छाती ऐकायला कुणी शिकवलं नव्हतं. हात न लावणं म्हणजे नुसता अपमान नाही, रोग आत तसाच ठेवणं आहे.

पुढच्या महिन्यात मला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

१९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं अस्पृश्य म्हणून दवाखान्यात प्रवेश नाकारणं गुन्हा आहे. आम्हाला प्रवेश होता. बाक होता, पंखा होता. नाकारलं होतं ते बोट. पंचनाम्यात ते कसं लिहिणार?

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर स्वतःच्या पाठीवर टाकून डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात आणलं. मध्ये कुणाला उभं केलं नाही. त्याच प्लेगानं १० मार्चला त्या गेल्या.

दोस्तहो, वस्तीतल्या माणसाला दवाखान्यात नेलं तर बाहेर बाकावर बसू नका. आत जा. फी देण्याआधी बघा, हात कुणी लावला. डॉक्टरनं लावला नसेल तर त्या आजीसारखं खुर्ची धरून बसा.