माइती आणि माहेर

अनुदानाचा अर्ज हाही एक लेखनप्रकार आहे, असे कुणी म्हटले असते तर पूर्वी आम्ही हसलो असतो. ओहायोतील कोलंबस शहरात स्थिरावलेल्या आम्ही चार मराठी बायका. त्यांतल्या दोघींनी इकडे येण्यापूर्वी महाविद्यालयात मराठी शिकवलेले. तेवढ्या भांडवलावर २०२५ च्या उन्हाळ्यात एका छोट्या संस्थेचा अर्ज लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. निर्वासित स्त्रियांवरील हिंसाचार रोखण्यासाठी संस्थेला सरकारी अनुदान हवे होते.

संस्थेकडे येणाऱ्या बहुतेक जणी भूतानमधल्या नेपाळीभाषक. १९९० च्या सुमारास एक लाखाहून अधिक लोकांना भूतान सोडावे लागले. नेपाळमधील झापा आणि मोरंगच्या छावण्यांत त्यांची एक पिढी वाढली. २००८ पासून त्यांतल्या नव्वद हजारांहून अधिक जणांना अमेरिकेने आश्रय दिला. त्यांची लिपी देवनागरी. त्यामुळे त्यांच्या कैफियती आम्हांला वाचता येत. कळत मात्र अर्ध्याच.

एकीने लिहिले होते, घर सोडायचे आहे. आम्ही ‘बेघर होण्याचा धोका’ असे लिहून मोकळ्या झालो. दुभाषी मुलीने चूक दाखवली. विवाहितेच्या तोंडी नेपाळीत ‘घर’ म्हणजे सासर. माहेर ते ‘माइती’. सासर सोडायला ती तयारच होती. पण जायला माइती कुठे उरली होती? आईवडील छावणीत वारले, भाऊ ऑस्ट्रेलियात. निवाऱ्याच्या रकान्यात आम्ही खाटांची संख्या भरली होती. तिची अडचण त्या रकान्यात मावत नव्हती.

गरजेचे निवेदन एखाद्या स्त्रीच्या कहाणीने सुरू करा, असा जाणकारांचा सल्ला होता. तिची कहाणी समोरच होती. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या संस्थांना पीडितेची ओळख तिच्या लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. आम्ही नाव गाळले. पण एवढ्याशा समाजात मुलांची संख्या आणि कारखान्यातली पाळी सांगितली, तरी माणूस ओळखू येतो. त्यातच त्या वर्षीच्या मार्चपासून, पूर्वी शिक्षा झालेल्या काही भूतानी निर्वासितांना अमेरिकेने भूतानला धाडले आणि भूताननेही त्यांना ठेवून घेतले नाही. नवऱ्याविरुद्ध पोलिसांत जाण्याचा अर्थच बदलून गेला.

ती म्हणाली, “दिदी, मार थांबायला हवा. पण मुलांच्या बापाला कुठल्या सीमेवर नेऊन सोडतील, हे मला कोण सांगणार?”

‘स्मृतिचित्रे’ आम्ही वर्गात शिकवले होते. लक्ष्मीबाई टिळकांनी आपला संसार स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मर्जीने मांडला. इथे मांडणाऱ्या आम्ही होतो, आणि जोखीम तिची होती. आम्ही कहाणी काढून टाकली. ‘माइती’ हा शब्द मात्र इंग्रजी अर्जात तसाच ठेवला आणि त्याखाली मागणी लिहिली: दुभाषीचे मानधन, पहिल्या महिन्याचे भाडे, आणि पोलिसांपर्यंत जाण्याआधी रात्री-अपरात्री दार उघडतील अशा वस्तीतल्या चार वडीलधाऱ्या बायकांचा खर्च.

अनुदान मिळाले नाही. गरज पटते, पण व्यक्ती डोळ्यांसमोर उभी राहत नाही, असा परीक्षकांचा शेरा होता. ती उभी राहू नये म्हणूनच तर आम्ही धडपडलो होतो.

दुभाषी मुलगी अजून येते, आता विनामोबदला. कहाणी वगळण्याचा निर्णय आमचा होता. त्याची किंमत ती मोजते आहे. पुढचा अर्ज लिहायला बसू तेव्हा ही गोष्ट आम्हांला विसरता येणार नाही.