वेदीवरचा द्राक्षारस

आजच्या अहिल्यानगरला आम्ही नगर जिल्हाच म्हणत असू. तिथल्या राहुरी तालुक्यातील आमच्या खेड्यात माझ्या लहानपणी द्राक्षारस हा शब्द फक्त चर्चमध्ये ऐकू येई. मिस्साबलीच्या वेळी फादर चषकात थोडा द्राक्षारस ओतीत आणि त्यात पाण्याचे थेंब मिसळीत. तो द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा, असा धर्मसभेचा नियम आहे. चर्चबाहेर मात्र आम्हांला दारू तेवढी ठाऊक होती. माझे वडील ऊसतोडीला जात आणि आठवड्याची मजुरी हातभट्टीवर घालवीत. पंचेचाळिशीच्या आतच ते गेले. तेव्हापासून आईने घरात बाटलीला थारा दिला नाही. खोकल्याचे औषधसुद्धा ती मला वाचायला लावूनच घेई.

२००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिक भागात वायनऱ्या वाढल्या. दिंडोरी तालुक्यातील अशाच एका ठिकाणी माझ्या धाकट्या मुलाला द्राक्षमळ्याच्या देखरेखीची नोकरी लागली. आईला मी एवढेच सांगितले, "शेतीच्या कामावर आहे." ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते.

गेल्या जानेवारीत मी त्याच्याकडे गेलो. पहाटे कडाक्याची थंडी होती, दुपारी चांगलेच ऊन. मुलाने मला काळ्या, बारीक मण्यांचे घड दाखवले. "बाबा, ही स्पेनची जात, टेम्प्रानियो. लवकर पिकते म्हणून हे नाव." स्पेन म्हटले की आमच्या भागातील जुन्या माणसांना मनमाडचे फादर फेरर आठवतात. १९६८ मध्ये देश सोडावा लागेपर्यंत ते कोरडवाहू शेतकऱ्यांच्या विहिरींसाठी झटले. त्यांच्या देशाचा वेल इथे भेटावा, याचे मला नवल वाटले.

मुलाने समजावून सांगितले. स्पेनमधील दुएरो नदीकाठच्या पठारावर हे मळे समुद्रसपाटीपासून साधारण ७०० ते १,००० मीटर उंचीवर आहेत. दिवसाच्या प्रखर उन्हाने साल जाड होते आणि रंग भरतो. रात्री थंड असल्यामुळे फळातील आंबटपणा टिकतो. तिथला वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्याअखेर फळछाटणी, अशी दोनदा कात्री लावावी लागते. दिंडोरीची उंची सुमारे ६०० मीटर. राहिलेली कसर इथली हिवाळी रात्र थोडीफार भरून काढते. पाणीही मोजूनच द्यायचे, नाहीतर मणी फुगतात आणि रस पातळ होतो.

"ताण दिला की फळ चांगले येते," तो म्हणाला.

हे वाक्य मला लागले. छाटलेला फाटा अधिक फळ देतो, हे मी प्रवचनांतून ऐकत आलो आहे. पण माझ्या वडिलांना आयुष्याने काय कमी छाटले होते? दुष्काळ, उपासमार, मुकादमाची उचल! त्यांना फळ आले नाही. ते वाळून गेले. मळ्यात उभा असताना मला त्याचे कारण उमगले. वेलाला ताण देणारा माणूस रोज येऊन पाने न्याहाळतो आणि ती मलूल दिसताच पाणी सोडतो. वडिलांकडे पाहायला कोणी आले नव्हते.

परतल्यावर मी आईला सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "वेदीवर असतो, तोच का हा?"

"द्राक्षांचाच, आई. पण हा बाटल्यांत भरून विकतात."

"मग पिणाऱ्याच्या घरी बायकापोरं जेवली का, तेही त्याला विचारायला सांग."

मी हा निरोप मुलाला फोनवर कळवला. त्याच्यापाशी उत्तर नव्हते, माझ्यापाशीही नाही. पण त्या रविवारी फादरांनी चषक उंचावला, तेव्हा प्रथमच मला पहाटेच्या थंडीत घड उतरवणारे हात आठवले, आणि त्यांच्या मागोमाग वडिलांचे, कोयता धरून घट्टे पडलेले हात.