चिखलदऱ्याचा उतार

पावसाने उघडीप दिली की चांदूर बाजारहून सातपुड्याची निळी रेघ स्पष्ट दिसते. त्या रेघेवर चिखलदरा वसले आहे. आमच्या मुलुखातील बहुतेकांना हे गाव मोटारीच्या खिडकीतून ठाऊक आहे. सायकलच्या सीटवरून ठाऊक असणारे थोडेच. गेली काही वर्षे आम्ही तरुण मंडळींना घेऊन हा रस्ता सायकलने चढत आलो आहोत. त्याची माहिती लिहावी, असा आग्रह काही पालकांनी केला. लिहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की एक प्रसंग सांगितल्यावाचून हे वर्णन प्रामाणिक होणार नाही. तो प्रसंग आमच्याच चुकीचा आहे.

आधी रस्ता. चांदूर बाजार ते परतवाडा हे अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. पहाटे अंधारातच निघावे. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन आणि मधून मधून संत्र्याच्या बागा. रस्ता सपाट आहे आणि नवखा सायकलस्वार येथेच फसतो. पहाटेचा गारवा, सोबतीला मित्र, पायांत ताजा जोर. मग शर्यत लागते. परतवाड्याला चहा पिताना ज्याचे पाय थरथरू लागले, त्याचा घाटात निकाल लागलाच म्हणून समजावे.

परतवाड्याहून चिखलदऱ्यास दोन रस्ते जातात. एक धामणगाव गढीवरून, तीसएक किलोमीटरचा. दुसरा घटांगवरून, बराच लांबचा आणि अधिक जंगलातला. चढावयास आम्ही पहिला पसंत करतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच आहे. परतवाडा सोडल्यापासून माथ्यापर्यंत सातशे मीटरच्या घरात चढ पडतो, आणि त्यातला बहुतेक धामणगाव गढी मागे पडल्यावर सुरू होतो. साग दाट होत जातो, वळणे एकापाठोपाठ एक येतात. पुढचे वळण शेवटचे आहे असे मनाला सांगू नये, कारण ते कधीच शेवटचे नसते. श्वास लागला तर उतरावे आणि सायकल ढकलीत चालावे. नागपूरच्या सेमिनरीत असताना आम्ही सेमिनरी हिल्सचा चढ न उतरता चढून जात असू आणि त्याचा आम्हांला ताठा होता. (त्या टेकडीला हे नाव आमच्या सेमिनरीमुळेच पडले, हे नागपूरकरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.) चिखलदऱ्याच्या घाटाने तो ताठा पहिल्याच वर्षी उतरविला, दोन ठिकाणी आम्ही निमूटपणे ढकलीत गेलो.

या डोंगरात अवजड ओझे ओढून नेण्याची एक जुनी हकिकत आहे. ती आम्ही मुलांना दर वेळी सांगतो. १८०३ साली आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला तोच, अडगावची लढाई जिंकून गाविलगडावर चालून आला. किल्ल्याची दक्षिण बाजू उभ्या कड्याची. तिकडून तोफा चढेनात. म्हणून स्टीव्हन्सनच्या फौजेने अचलपुराहून डोंगराला वळसा घालून उत्तरेची बाजू गाठली. सुमारे तीस मैलांची ती वाट सैनिकांनी आधी स्वतः तयार केली आणि मग अवजड तोफा जवळजवळ सर्व अंतर हातांनी ओढीत नेल्या. ७ ते १२ डिसेंबर एवढे दिवस त्यात गेले. १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता ठार झाला. घाटात कोणी कुरकुर करू लागला की दुसरा कोणी म्हणतो, "तोफ त नाही ना ओढून राह्यला!" मग सारेच हसतात आणि एक वळण पार पडते.

मोथ्यापाशी पठार लागते. येथून पुढे सायकल चालविणे म्हणजे निव्वळ सुख. शक्कर तलाव, कालापाणी तलाव, देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड ही सर्व ठिकाणे एका दिवसात सावकाश फिरून होतात. भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत टाकले, त्या 'कीचकदऱ्या'चे चिखलदरा झाले, अशी लोककथा आहे. वाटेत कॉफीची झाडे दिसली म्हणजे मुलांना नवल वाटते. वऱ्हाडात कॉफी पिकते, हे त्यांच्या गावीही नसते. पाऊस इतका की ऑगस्टात तळ्याचे दुसरे टोक धुक्यात हरवते. आणि तरीही याच भागातल्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींच्या रांगा आम्ही पाहिल्या आहेत. मरियमपूर येथून जवळच. रात्री तेथे पाठ टेकली की अंगाचा शीण कळतो.

आता उतार.

दोन वर्षांपूर्वी १५ ऑगस्टचा सण आटोपल्यावर आम्ही सहा जण गेलो होतो. पाच मुलांपैकी चौघांकडे गिअरच्या सायकली होत्या. पाचव्याकडे वडिलांची काळी, सळईच्या ब्रेकची सायकल होती. वडील हयात नाहीत. त्याच सायकलवर तो रोज सकाळी दूध घालतो आणि मग कॉलेजला जातो. त्याची आई त्याला पाठवावयास तयार नव्हती. "फादर संगं हायेत म्हणून धाडतो," असे ती म्हणाली, तेव्हा आम्ही हसून मान हलविली होती.

चढताना तो मुलगा सर्वांच्या पुढे होता. आम्ही मागे पडलो आणि, का लपवावे, ते आमच्या मनाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीस निघालो तेव्हा धुके आणि भुरभुर पाऊस होता. मोथ्यापाशी तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, "फादर, बिरेक लागून नाही राह्यला जी."

वाचकहो, त्याचे कारण आम्हांला माहीत होते. जुन्या सायकलीची रिम पोलादी आणि मुलामा दिलेली असते. ती ओली झाली की ब्रेकची रबरे तिच्यावरून नुसती घसरतात. ॲल्युमिनियमच्या रिमेवर तेवढी घसरत नाहीत. अशा वेळी ब्रेक वळणापाशी न दाबता कितीतरी आधीपासून हलका धरून ठेवावा लागतो, म्हणजे रबर रिमेवरचे पाणी पुसून काढते आणि मग पकड येते. दोन मिनिटे थांबून हे सांगता आले असते. त्याला उतरून चालावयास लावता आले असते. आम्ही "हळू ये" एवढेच म्हणालो आणि पुढे निघालो. चढावर मागे पडलेल्यास उतारावर पुढे राहण्याची हौस होती.

सात-आठ वळणांनंतर मागून आरोळी आली. तो दरीच्या बाजूला गेला नव्हता; डोंगराच्या बाजूच्या नालीत पडला होता. मनगट मोडले होते. एका जीपवाल्याने आम्हांला परतवाड्याच्या दवाखान्यात पोचविले. त्या तासाभरात तो एकदाही कण्हला नाही. "सायकल वाकली का जी?" एवढेच त्याने दोनदा विचारले.

सायंकाळी त्याच्या घरी गेलो. आईने पोराचा हात पाहिला, मग आमच्याकडे पाहिले. "तुमच्या भरोशावर धाडलं होतं जी. तुमी होते कुठी?"

"पुढे होतो," आम्ही म्हणालो. दुसरे काही सांगण्यासारखे नव्हते.

प्लास्टर सहा आठवडे होते आणि दुधाची घरे तुटली असती. म्हणून दुसऱ्या दिवशीपासून ते काम आम्ही घेतले. वीस-वीस लिटरचे दोन डबे कॅरिअरच्या दोन बाजूंना. पहिल्याच दिवशी आम्ही एक डबा लावून दुसरा आणावयास वळलो आणि सायकल कलंडली. गळ्यात हात अडकवलेला मुलगा ओट्यावरून म्हणाला, "दोन्ही डबे संगंच लावा लागते जी." एका बाजूचे दूध उतरविले की हँडल दुसरीकडे ओढते, मापे देताना कोणत्या घरी कोणता डबा उघडावा, याचाही हिशेब असतो. सहा आठवड्यांत तो आम्हांला पुरता जमला नाही. चिखलदऱ्याच्या घाटात तो पुढे का होता, ते मात्र पहिल्या आठवड्यातच कळले.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा जाण्याचा बेत निघाला. आम्ही आईकडे विचारावयास गेलो. ती बराच वेळ तांदूळ निवडीत राहिली. शेवटी म्हणाली, "मांगं राहाल का जी?"

या खेपेस निघण्यापूर्वी प्रत्येक सायकलचे ब्रेक आम्ही स्वतः तपासले, त्याच्या सायकलची रबरे नवी घातली. परतीच्या सकाळी मोथ्याला धुके होतेच. सर्वांना थांबविले, ब्रेक कसा धरावा ते करून दाखविले, आणि दोन सायकलींत दहा हातांचे अंतर ठेवून एकेकाला सोडले. तो सर्वांच्या शेवटी निघाला. त्याच्या मागे आम्ही. पहिल्या वळणापाशी त्याने मान वळवून पाहिले आणि पुन्हा पुढे पाहू लागला.